सरासरी १६.८ गुण, थ्री ४१ टक्के, तरी यादीत नाव नाही: कॉलेजच्या शूटिंग गार्डची दखल कशी घेतली जाते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमेरिकेत एका मिड-मेजर (बड्या गटांबाहेरच्या, मधल्या दर्जाच्या) कॉलेजात एमएस करता आणि बास्केटबॉल टीमचे स्टुडंट मॅनेजर म्हणून व्हिडिओ आणि आकड्यांचं काम पाहता. तुमचा शूटिंग गार्ड (मुख्यतः लांबून शॉट मारणारा खेळाडू) तिसरं वर्ष संपवून शेवटच्या सीझनच्या उंबरठ्यावर आहे. ३० सामन्यांत सरासरी १६.८ गुण, थ्री (रेषेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) ४१ टक्के, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) ८८ टक्के. टीम कॉन्फरन्समध्ये (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) सातवी आली. ऑल-कॉन्फरन्सच्या (सीझनअखेर कॉन्फरन्समधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या दोन्ही टीममध्ये त्याचं नाव नव्हतं आणि येत्या सीझनच्या कुठल्याच यादीत ते दिसत नाही. ‘एवढं खेळूनही कोणी विचारत नाही, आम्ही काय करू शकतो?’ असं तुम्ही विचारलंय.

तुमची तळमळ अगदी रास्त आहे. अशी मुलं दर वर्षी असतात. पण ‘ओळख’ हा शब्द जरा सोडवून पाहायला हवा. डिव्हिजन वनमध्ये (कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर) साडेतीनशेहून जास्त टीम आहेत आणि सरासरी सोळा-सतरा गुण करणारे गार्ड भरपूर आहेत. त्यामुळे गुणांची सरासरी वाचून कोणी थांबत नाही. माणूस थांबतो तो त्याच्या मनातल्या शंकेचं उत्तर मिळालं तर. आणि शंका प्रत्येकाची वेगळी असते. कॉन्फरन्सचा कोच विचारतो, ‘याच्यामुळे आम्हाला गेम प्लॅन बदलावा लागला का?’ देशपातळीवरच्या पुरस्काराची समिती विचारते, ‘मोठ्या सामन्यात याला कोणी पाहिलंय का?’ एनबीए किंवा युरोपच्या क्लबचा स्काउट (खेळाडू हेरणारा) विचारतो, ‘उंच आणि चपळ डिफेंडर समोर आला तरी याला शॉट मिळेल का, आणि दुसऱ्या टोकाला हा कोणाला अडवेल?’ या तिघांना एकच व्हिडिओ आणि एकच पत्रक पाठवलं की एकाचंही समाधान होत नाही.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही सुरुवातीलाच कबूल करतो. टीम वर सरकली तर निम्मं काम आपोआप होतं, आणि ते त्याच्या एकट्याच्या हातात नाही. त्याची खरी उंची, हातांचा पल्ला, बचावातले पाय या गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत, त्यामुळे तो कुठवर जाईल हे मी सांगणार नाही. तुमचे हेड कोच या कामाला किती मोकळीक देतील तेही मला ठाऊक नाही. सांगतोय ते एवढंच, की जे आहे ते योग्य माणसाच्या नजरेस कसं आणायचं.

आधी आकडे नीट मांडूया. तुम्ही दिलेल्या हिशेबात त्याने १९५ थ्रीपैकी ८०, दोन गुणांच्या १७२ शॉटपैकी ८४ आणि ११० फ्री थ्रोपैकी ९७ टाकले. एकूण ५०५ गुण. यातून दोन आकडे काढा. पहिला इफेक्टिव्ह फील्ड गोल (फील्ड गोल म्हणजे फ्री थ्रो सोडून बाकीचे शॉट): यशस्वी शॉटमध्ये थ्रींची निम्मी संख्या मिळवायची आणि एकूण प्रयत्नांनी भागायचं. १६४ अधिक ४०, भागिले ३६७, म्हणजे ५५.६ टक्के. दुसरा ट्रू शूटिंग: एकूण गुणांना, फील्ड गोलचे प्रयत्न अधिक फ्री थ्रो प्रयत्नांच्या ०.४४ पट, या बेरजेच्या दुपटीने भागायचं. ५०५ भागिले ८३०.८, म्हणजे ६०.८ टक्के. कॉलेजच्या खेळासाठी काही विश्लेषक ०.४४ ऐवजी ०.४७५ धरतात, मग हाच आकडा ६०.२ होतो. कुठला गुणक धरला ते कागदावर लिहा, नाहीतर दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की वाचणारा दोन्हींवरचा विश्वास सोडतो.

आता शेजारी असा एक गार्ड ठेवा जो सामन्याला २० गुण करतो, पण त्यासाठी १७ शॉट आणि ४ फ्री थ्रो घेतो. त्याचं ट्रू शूटिंग ५३.३ टक्के येतं. गुणांच्या यादीत तो वर, आणि मतपत्रिकेवरही बहुधा तोच वर. तुमचा मुलगा सामन्याला जेमतेम १२ शॉट घेतो. इथे एक मोह होतो: ‘यालाही १७ शॉट दिले असते तर याने बावीस-तेवीस गुण केले असते’ असं लिहायचा. ते लिहू नका. शॉट वाढले की जास्तीचे शॉट अवघड असतात, टक्केवारी खाली येते. अनुभवी वाचणाऱ्याला हे माहीत असतं आणि त्या एका वाक्यावरून तो तुमचा पूर्ण कागद प्रचार म्हणून बाजूला ठेवतो.

४१ टक्क्यांचं काय? १९५ प्रयत्नांत ४१ टक्के म्हणजे नशिबाचा वाटा धरला तर त्याची खरी पातळी साधारण ३४ ते ४८ च्या मध्ये कुठेही असू शकते. एका सीझनचे थ्री एवढंच सांगतात. म्हणून स्काउट फ्री थ्रो पाहतात. तिथे डिफेंडर नाही, अंतर ठरलेलं, हात आणि मनगट तेच. ११० पैकी ९७ ही ४१ टक्क्यांची बाजू भक्कम करणारी गोष्ट आहे. तिन्ही वर्षांचे थ्री आणि फ्री थ्रो एकत्र करून एका ओळीत द्या. पहिल्या वर्षी ३१ टक्के असतील तरी द्या. सुधारणा दिसते, आणि लपवलेलं नंतर सापडतंच.

यापुढचं काम मात्र आकड्यांच्या वेबसाइटवर मिळत नाही, आणि व्हिडिओ तुमच्या हातात असल्यामुळे तुम्हीच ते करू शकता. त्याचे १९५ थ्री एकेक करून पुन्हा पाहा आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी नोंदवा. शॉट कसा मिळाला: उभ्या उभ्या पास घेऊन, स्क्रीनवरून (सोबत्याने डिफेंडरची वाट अडवल्यावर) धावत येऊन, हँडऑफवर (सोबत्याच्या हातातून थेट बॉल घेऊन), पिक-अँड-रोलमध्ये (बॉल हातात असताना सोबत्याच्या स्क्रीनचा फायदा घेत) ड्रिबल थांबवून, की वेगवान प्रतिहल्ल्यात. डिफेंडर किती जवळ होता: हात लांब केला तर बॉलपर्यंत पोचला असता का, एवढंच हो किंवा नाही. पाय कुठे होते: रेषेला लागून, की हातभर मागे. आणि शॉट क्लॉकवर (शॉट मारायची मुदत मोजणाऱ्या घड्याळावर) किती सेकंद उरले होते. ३० सामन्यांना एकूण सात-आठ तास लागतील. एका बैठकीत करू नका. तिसऱ्या तासाला डोळा सैल होतो आणि ‘जवळ होता’ची व्याख्या बदलायला लागते. पहिले वीस शॉट शेवटी पुन्हा नोंदवा. दोन्ही वेळच्या नोंदी जुळल्या तर तक्त्यावर भरवसा ठेवा.

पायांची नोंद का, ते सांगतो. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०१९-२० पासून थ्रीची रेषा ६.७५ मीटरवर आहे. ही आंतरराष्ट्रीय रेषा, म्हणजे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमांनी महाराष्ट्रात खेळतात तीच. एनबीएची रेषा समोरून ७.२४ मीटर. फरक अर्ध्या मीटरचा. आज कॉलेजात रेषेला बोट टेकवून शॉट मारणाऱ्या मुलाला उद्या पाऊलभर मागून मारावा लागतो. तुमच्या मुलाच्या १९५ पैकी समजा ७० प्रयत्न एनबीएच्या रेषेमागून असतील, तर ते प्रयत्न किती आणि त्यातले किती पडले, ही ओळ युरोपच्या नाही तरी अमेरिकेतल्या स्काउटसाठी सगळ्यात वर हवी. युरोपच्या क्लबला तिचं फारसं कारण नाही, कारण त्यांची रेषा ६.७५ चीच. तेच पत्रक दोघांना का पाठवू नये, ते इथे कळतं.

स्क्रीनवरून धावत येऊन मारलेल्या शॉटचं वजन उभ्या शॉटपेक्षा जास्त का, हेही समजून घ्या. उभा शॉट बऱ्याचदा दुसऱ्याची देणगी असते. पॉइंट गार्डने बचाव फोडला, मदतीला माणूस गेला, हा कोपऱ्यात मोकळा राहिला. धावत येताना मात्र वेग मोडायचा, पाय जमवायचे, खांदे बास्केटकडे वळवायचे आणि पाठलाग करणारा पोचायच्या आत बॉल सोडायचा. हे कसब टीम बदलली तरी सोबत जातं. बॉल सोडायला लागणारा वेळ तुम्ही मोजूही शकता. व्हिडिओ ६० फ्रेमचा असेल तर बॉल हाताला लागल्यापासून बोटं सुटेपर्यंतच्या फ्रेम मोजा. ४५ फ्रेम म्हणजे पाऊण सेकंद. पहिल्या हाफचे दहा आणि शेवटच्या पाच मिनिटांतले दहा शॉट मोजून तुलना करा. शेवटी वेळ वाढत असेल तर पाय दमतायत. तो उन्हाळ्यात सुधारायचा मुद्दा आहे, जाहिरातीचा नव्हे.

आता मोठ्या टीमविरुद्धच्या सामन्यांकडे येऊ, कारण मिड-मेजरच्या मुलाबद्दलची सगळ्यात मोठी शंका तिथेच असते. ‘दुबळ्या कॉन्फरन्समध्ये करतोय’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. समजा पाच तगड्या टीमविरुद्ध त्याने ३० थ्री मारले आणि ११ टाकले, म्हणजे ३७ टक्के. हा आकडा पुढे करू नका आणि तो २७ असता तरी लपवू नका. ३० प्रयत्नांची टक्केवारी बोलतच नाही. प्रयत्न मात्र बोलतात. इतर सामन्यांत तो सरासरी साडेसहा थ्री घेतो आणि या पाचांत सहा घेतले असतील, तर लांब हातांच्या डिफेंडरसमोरही त्याला शॉट मिळतोय, हे सिद्ध होतं. साडेसहाचे तीन झाले असतील तर स्काउटची शंका खरी आहे. टर्नओव्हरचंही तेच. पाच सामन्यांत टक्केवारी नाही, पण बॉल कितीदा हातातून गेला आणि कसा गेला, हे पाहता येतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण वॉफर्ड कॉलेजच्या फ्लेचर मगीचं. मार्च २०१९ मध्ये एनसीएए स्पर्धेच्या (कॉलेजांच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेच्या) पहिल्या फेरीत सेटन हॉलविरुद्ध त्याने सात थ्री टाकले आणि डिव्हिजन वनच्या कारकिर्दीतल्या थ्रींचा विक्रम मोडला. पुढच्याच सामन्यात केंटकीविरुद्ध १२ पैकी एकही पडला नाही. तोच मुलगा, तोच हात. ५०९ थ्री टाकणाऱ्याची पारख त्या बारा शॉटवरून करणं चूक, आणि सेटन हॉलच्या सातांवरून करणंही चूक. पण केंटकीने त्याला ड्रिबलवर ढकललं, उंच माणसं त्याच्यामागे धाडली, प्रत्येक शॉट घाईचा केला, हे पाहणाऱ्याच्या लक्षात राहिलं. पुढे ड्राफ्टमध्ये (एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात तिथे) त्याची निवड झाली नाही. डेट्रॉइट मर्सीच्या अँटवान डेव्हिसने तर ५८८ थ्री आणि ३,६६४ गुण केले, पीट मॅरविचच्या ३,६६७ च्या विक्रमाला तीन गुण कमी. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्याचंही नाव पुकारलं गेलं नाही. गुणांचा डोंगर उभा केला की दार उघडतं, हा समज मनातून काढायला ही दोन नावं पुरेत.

उलट डेस्मंड बेन पाहा. टीसीयू कॉलेजात चार वर्षं काढली, हातांचा पल्ला उंचीपेक्षा कमी म्हणून शंका, २०२० च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा, तिसावा. पण तो शॉट मारायचा, पास द्यायचा, अंगाने दणकट होता आणि बचावात उभा राहायचा. एनबीएत तो लगेच रुळला. डंकन रॉबिन्सन तर विल्यम्स नावाच्या डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजातून मिशिगनला गेला, २०१८ मध्ये ड्राफ्टविना राहिला आणि दोनच वर्षांत मायामीकडून एनबीए फायनल्स खेळला. त्याचा धावत येऊन मारलेला शॉट इतका पक्का होता की बाकीच्या उणिवांसकट त्याला जागा मिळाली. म्हणजे वाट एकच नाही. एक तर एखादं कसब असं हवं की त्यासाठी टीम बाकीचं सोसेल, नाहीतर कुठेही मोठं भोक नसावं.

शूटिंग गार्डच्या बाबतीत ते भोक बहुतेक वेळा बचावात असतं. प्रतिस्पर्धी टीम मुद्दाम त्याच्या माणसाला स्क्रीन लावायला पाठवते, म्हणजे अदलाबदल होऊन तो बॉलवाल्यासमोर येतो. अशा पझेशन (समोरच्या टीमकडे बॉल असतानाच्या खेळी) वेगळ्या काढा: किती वेळा त्याला असं ओढलं आणि त्यातून किती गुण गेले. स्टील्सचा (समोरच्याकडून हिसकावलेल्या बॉलचा) आकडा देऊन काही होत नाही. जुगार खेळून स्टील मिळते आणि चारदा मागे बास्केट मोकळी पडते. त्यापेक्षा शॉट मारणाऱ्याकडे धावत जाताना तो वेळेवर थांबतो का, हात वर ठेवून आतला रस्ता बंद करतो का, हे दाखवणाऱ्या आठ-दहा क्लिप हजार शब्दांचं काम करतात.

क्लिपवरून रीलकडे येतो, कारण सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. नेहमीचा रील म्हणजे तीन मिनिटं संगीत आणि चाळीस थ्री, सगळे पडलेले. पाहणारा वीस सेकंदांत बंद करतो, कारण चाळीस पडलेले शॉट कोणत्याही कॉलेज गार्डचे जमवता येतात. चार ते पाच मिनिटं, २५ ते ३० क्लिप, संगीत नाही. प्रत्येक क्लिप बॉल अर्ध्या रेषेपलीकडे गेल्यापासून सुरू करा आणि शॉट पडल्यानंतर त्याने मागे धाव घेतली तिथपर्यंत ठेवा. सुरुवातीला सेकंदभर त्याच्यावर बाण, खाली प्रतिस्पर्धी, तारीख, स्कोअर आणि घड्याळ. तगड्या टीमविरुद्धच्या क्लिप आधी. चुकलेले चार-पाच शॉटही ठेवा, जिथे निर्णय बरोबर होता. एक तृतीयांश वेळ बचावाला द्या. आणि रीलच्या खाली दोन पूर्ण सामन्यांच्या लिंक, त्यातला एक हरलेला असला तरी चालेल. ज्याला खरंच रस आहे तो रील पाहून पूर्ण सामना मागतो. तो आधीच हाताशी असणं म्हणजे अर्धी लढाई.

उंचीबद्दल एक आग्रह. कॉलेजच्या यादीत सहा फूट चार इंच आणि प्रत्यक्ष बुटाशिवाय सहा दोन, हे फार ठिकाणी चालतं. तुमच्या कागदावर बुटाशिवायची उंची, हातांचा पल्ला, उभ्याने हात वर करून मिळणारी पोच आणि वजन, मोजल्याच्या तारखेसह द्या. स्काउट पुढे स्वतः मोजणारच. तेव्हा दोन इंच कमी निघाले की त्याला उरलेल्या कागदावरही शंका येते.

आता कोणाकडे कसं जायचं. कॉन्फरन्सची टीम सहसा कोचच मतदानाने निवडतात, आणि आपल्याच खेळाडूला मत देता येत नाही असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. मतं नियमित सीझनच्या शेवटी पडतात. त्यामुळे नोव्हेंबरमधल्या ३४ गुणांपेक्षा फेब्रुवारीत समोरच्या कोचला त्याच्यासाठी बॉक्स-अँड-वन (चार जण जागा राखतात, एक जण फक्त त्यालाच चिकटतो असा बचाव) लावायला भाग पडणं जास्त कामाचं. फक्त कॉन्फरन्सच्या सामन्यांचे आकडे वेगळे काढून, जानेवारीच्या शेवटापासून टीमच्या प्रत्येक गेम नोट्समध्ये दोन ओळी जाऊ द्या. हे काम तुमच्या स्पोर्ट्स इन्फॉर्मेशन डायरेक्टरचं (कॉलेजच्या खेळांची माहिती आणि प्रसिद्धी पाहणाऱ्यांचं), ज्यांना सगळे एसआयडी म्हणतात. देशपातळीच्या याद्यांसाठीही नावं पुढे जातात ती बहुधा त्यांच्याच हातून. त्यांच्याकडे एका वेळी दहा खेळांचं काम असतं. तुम्ही तपासलेला, एका पानात बसणारा तक्ता त्यांच्या टेबलावर ठेवलात तर ते तो आनंदाने वापरतील. न तपासलेला ठेवलात आणि एक आकडा चुकला, तर पुढच्या वेळी उघडणार नाहीत. सातव्या क्रमांकाच्या टीममधून पहिल्या पाचांत येणं अवघड असतं, कारण वरच्या टीमना मतांचा वाटा मोठा मिळतो. टीम चौथी आली तर हाच मुलगा, हेच आकडे, आणि निकाल वेगळा.

शूटिंग गार्डसाठी देशात मानाचा आहे तो जेरी वेस्ट पुरस्कार, नेस्मिथ हॉल ऑफ फेमकडून २०१५ पासून दिला जाणारा. सीझनआधी वीस नावांची यादी येते, मग दहा, मग पाच. आजवरचे काही विजेते पाहा: ओहायो स्टेटचा डीअँजेलो रसेल, ओक्लाहोमाचा बडी हील्ड, पर्ड्यूचा कार्सन एडवर्ड्स, ह्यूस्टनचा मार्कस सॅसर, नॉर्थ कॅरोलायनाचा आर. जे. डेव्हिस. सगळे बड्या नावाच्या टीमचे. २०२५ चा विजेता टेनेसीचा चॅझ लनियर, आणि त्याची वाट तुमच्या प्रश्नाला लागून जाते. तो चार वर्षं नॉर्थ फ्लोरिडात होता, त्यातल्या शेवटच्या वर्षी फुलला, आणि मग ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या अधिकृत यादीतून) टेनेसीला गेला. शॉट तोच होता, पाहणारे बदलले. पुढे तो ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत डेट्रॉइटकडे गेला.

मग तुमच्या मुलानेही कॉलेज बदलावं का? ते त्याने, घरच्यांनी आणि कोचने ठरवायचं. मोठ्या टीममध्ये पाहणारे जास्त, पैसेही जास्त, पण कोपऱ्यात उभं राहून सामन्याला पाच शॉट मिळण्याचा धोकाही तेवढाच. तुम्ही मात्र एक पथ्य पाळा: तो अधिकृतपणे पोर्टलमध्ये नसताना दुसऱ्या कॉलेजच्या कोचना त्याचे व्हिडिओ पाठवू नका. तो नियमभंगाचा विषय होऊ शकतो.

आहे तिथेच राहून दिसायची दुसरी वाट आहे वेळापत्रकाची. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुमची टीम मोठ्या कॉलेजांच्या कोर्टवर जाऊन गॅरंटी गेम खेळते, पैसे घेऊन, बहुधा हरण्यासाठी. त्या सामन्यांना स्काउट हजर असतात. ते आलेले असतात समोरच्या टीमच्या मुलासाठी, पण चाळीस मिनिटं नजर कोर्टवर असते. स्टीफन करीच्या डेव्हिडसनने २००७-०८ मध्ये सीझनच्या सुरुवातीलाच नॉर्थ कॅरोलायना, ड्यूक आणि यूसीएलएशी गाठ घातली, तिन्ही सामने हरले. पण मार्च उजाडला तेव्हा त्या टीमला मोठ्या कोर्टची भीती उरली नव्हती. गोंझागाविरुद्ध करीने ४० गुण केले, मग जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिनला हरवून टीम शेवटच्या आठात पोचली. त्या सीझनचे त्याचे १६२ थ्री तोवरचा विक्रम होता. लीहायच्या सी. जे. मॅकॉलमचंही तसंच. पॅट्रियट लीगने त्याला पहिल्याच वर्षी, २०१० मध्ये, सर्वोत्तम खेळाडू ठरवलं होतं. देशाला तो कळला मार्च २०१२ मध्ये, ड्यूकविरुद्ध ३० गुण करून टीमला ७५-७० असं जिंकून दिलं तेव्हा. पुढच्या सीझनला जानेवारीत पाय मोडला, तरी ड्राफ्टमध्ये दहावा गेला, कारण पाहणाऱ्यांचं मत आधीच बनलं होतं. करीशी तुलना करणारी पोस्ट मात्र चुकूनही टाकू नका. ती वाचून माणूस तुमच्या मुलातल्या उणिवा शोधायला बसतो.

त्या गॅरंटी गेमआधीच्या आठवड्यात काय कराल? समोरच्या टीमची उंची पाहून कोचना सुचवा की त्याला पहिल्या पाच मिनिटांत दोनदा धावत्या स्क्रीनवर आणि एकदा हँडऑफवर शॉट मिळावा. तुमच्या तक्त्यातून कुठल्या जागी, कुठल्या बाजूने तो सगळ्यात चांगला, ते तुम्हाला आता माहीत असेल. त्याला सांगा की शॉट बंद झाला तर ड्रिबल एकदाच, आणि पास. स्काउटला गर्दीत अडकून फेकलेला शॉट दिसण्यापेक्षा मोकळ्या माणसाला दिलेला पास दिसलेला शंभर पटींनी बरा. अशा सामन्यात स्वतःची सरासरी वाढवायला निघालेला गार्ड लांबून ओळखू येतो.

सीझन संपला की एप्रिलमध्ये व्हर्जिनियात पोर्ट्समथ इन्व्हिटेशनल असते. फक्त शेवटच्या वर्षाची ६४ मुलं, आठ टीम, प्रत्येक टीमला तीन सामने, आणि बाकांवर एनबीएचे व परदेशी क्लबचे लोक. तुमच्या मुलासाठी निमंत्रण मिळवण्यासारखी जागा हीच. तिथे बॉल हातात कमी असतो, नव्या सोबत्यांबरोबर थोड्याच सरावावर खेळायचं असतं. म्हणून बॉलशिवाय धावणं आणि बचाव, हीच दोन कामं उन्हाळ्यात वाढवायला हवीत. सरावात रोज शंभर उभे थ्री मारण्यापेक्षा साठ थ्री धावत येऊन, एनबीएच्या रेषेमागून, दर दहानंतर दोन फ्री थ्रो दमलेल्या पायांनी, आणि आकडे वहीत. ऑगस्ट ते ऑक्टोबरची ती वहीही स्काउटला दाखवता येते, पण सरावाचे आकडे म्हणून स्पष्ट लिहून.

सुरुवात मात्र त्या १९५ शॉटपासून करा. तक्ता झाला की मुलाचं नाव, कॉलेज काहीही न लिहिता फक्त आकडे इथे टाका: शॉटचा प्रकार, जवळ-लांब, रेषेमागे किती. कुठली ओळ वर ठेवायची आणि कुठली कोचशी बोलून उन्हाळ्याच्या कामात टाकायची, ते त्यावरून नेमकं सांगता येईल.